वर्गातील साहित्यासाठी कप्प्यांची पेटी

जून महिन्यात शाळा उघडतात तेव्हा धर्मग्रामांतील मंडळे आणि दानशूर कुटुंबे गरजू मुलांना वह्या, शिसपेन्सिली, रंगखडू यांचे वाटप करतात. हे कार्य स्तुत्य आहेच. तथापि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांतील किती पेन्सिली वर्गात उरतात, हे एखाद्या प्राथमिक शिक्षिकेला जरूर विचारून पाहावे. काही झिजून संपतात, ते योग्यच. परंतु पुष्कळशा बाकाखाली, खिडकीच्या फटीत, कपाटाच्या तळाशी नाहीशा होतात. मग ज्या मुलाजवळ पेन्सिल नाही ते शेजाऱ्यापुढे हात पसरते. शेजाऱ्याची वस्तू हरवली की पहिला संशयही त्याच मुलावर येतो. दप्तरे तपासली जातात आणि सात वर्षांच्या बालकावर चोरीचा आळ येतो. म्हणूनच वर्गातील साहित्य नीट ठेवण्याची सोय हा केवळ टापटिपीचा विषय नाही. अशी सोय टाकाऊ पुठ्ठ्यातून, अल्प खर्चात कशी करता येते, याची माहिती येथे देत आहोत.

या विषयाला एक जुना संदर्भ आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले ‘बालगृह’ रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झाले. आरंभी तेथील साहित्य कुलूपबंद कपाटात असे. शिक्षिका ते काढून देई आणि परत ठेवी. एके दिवशी शिक्षिका उशिरा आली. आदल्या दिवशी कपाटाला कुलूप लावायचे राहून गेले होते. येऊन पाहते तो काय, मुलांनी कपाट उघडले होते आणि काही जण साहित्य घेऊन कामालाही लागले होते. शिक्षिकेला ती चोरी वाटली व शिक्षा करावी असे तिच्या मनात आले. माँटेसरींनी मात्र त्या घटनेचा वेगळा अर्थ लावला. वस्तू मुलांच्या इतक्या परिचयाच्या झाल्या आहेत की आता ती स्वतः निवड करू शकतात, असे त्या म्हणाल्या. त्यानंतर उंच कपाटांऐवजी मुलांचा हात पोहोचेल अशी बुटकी कपाटे त्यांनी आणविली.

महाराष्ट्रात हा विचार खेड्यापर्यंत नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याकडे जाते. १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, त्यांनी आदिवासी व ग्रामीण बालकांसाठी कार्य केले. परदेशी धर्तीची महागडी साधने त्या मुलांना परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पाने अशा परिसरातील वस्तूंचीच तेथे शैक्षणिक साधने झाली. पुठ्ठ्याच्या पेटीला हीन लेखणाऱ्यांनी हा इतिहास अवश्य ध्यानात घ्यावा.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. किराणा दुकानात बिस्किटांचे किंवा साबणाचे रिकामे खोके सहज मिळते. ते कोरडे, न दबलेले आणि शक्यतो पाच पदरी पुठ्ठ्याचे असावे. तेलाचे डाग पडलेले खोके घेऊ नये. त्यावर कागद चिकटत नाही व मुंग्या येतात. उदाहरणादाखल आतून ३६ सेंमी लांब व २८ सेंमी रुंद खोके घेतले आहे असे समजू. त्याच्या चारही भिंती १२ सेंमी उंचीवर सरळ रेघ मारून कापाव्यात. उंचीचे हे माप मनाला येईल तसे बदलू नये. नवी पेन्सिल सुमारे १७ ते १८ सेंमी लांब असते. तिचा एक तृतीयांश भाग बाहेर राहिला म्हणजे ती चटकन दिसते आणि उचलता येते. भिंत याहून उंच केली तर मूल आत हात घालून चाचपडते आणि शेजारच्या कप्प्यातील वस्तू सांडते.

आतील कप्प्यांसाठी उरलेल्या पुठ्ठ्यातून १२ सेंमी रुंदीच्या पाच पट्ट्या कापाव्यात : दोन लांब (३६ सेंमी) आणि तीन आखूड (२८ सेंमी). प्रत्येक पट्टी खोक्याच्या आतील मापापेक्षा २ ते ३ मिमी आखूड ठेवावी, अन्यथा ती आत बसविताना खोक्याच्या भिंती फुगतात. लांब पट्ट्यांवर ९, १८ व २७ सेंमीवर खुणा करून तेथे वरच्या कडेपासून ६ सेंमीपर्यंत खाच पाडावी. आखूड पट्ट्यांवर साधारण ९.३ व १८.६ सेंमीवर खुणा करून खालच्या कडेपासून तेवढीच खाच पाडावी. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. खाच सैल झाली की पट्टी डुलते, आणि घट्ट झाली की पुठ्ठा चुरगळतो. या खाचा एकमेकींत अडकविल्या की डिंकाचा थेंबही न लावता जाळी उभी राहते व बारा कप्पे तयार होतात. खोक्याचे माप निराळे असेल तर लांबीचे चार व रुंदीचे तीन समान भाग करावेत. वरच्या इयत्तांतील मुलांना हे गणित सोडवावयास द्यावे. मोजमाप, भागाकार व दशांश यांचा असा उपयोग फळ्यावरील उदाहरणांत क्वचितच अनुभवास येतो.

एक बारीक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये नागमोडी कागदाच्या नळ्या असतात. पट्ट्या कापताना या नळ्या उभ्या राहतील, म्हणजे तळाकडून वर जातील, अशी दिशा धरावी. उभ्या नळ्या खांबासारखा भार पेलतात; आडव्या ठेवल्या तर तोच पुठ्ठा महिन्याभरात वाकतो. कापण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे. पोलादी पट्टी घट्ट दाबून धरावी व धारदार पात्याने तीन-चार वेळा हलक्या हाताने ओढावे. एकाच जोरकस घावात कापण्याचा हव्यास धरू नये. त्यात पाते निसटते आणि पुठ्ठाही फाटतो.

कापलेल्या कडांवर कापडी पट्टी किंवा खाकी कागद चिकटवावा. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला कसर व झुरळे लागतात. पूर्वी पुस्तके बांधणारे कारागीर खळीत मोरचूद घालीत. मोरचूद विषारी असते आणि लहान मुले बोटे तोंडात घालतात, म्हणून मुलांच्या वस्तूंसाठी ते वर्ज्य समजावे. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वापरावा व रात्रभर सुकू द्यावा.

आपल्या किनारपट्टीवर पुठ्ठ्याचा खरा वैरी पावसाळा आहे. जुलैत जमिनीला ओल येते आणि खोक्याचा तळ मऊ पडून त्यावर बुरशी धरते. यासाठी खोक्याच्या तळाला लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकाव्यात, म्हणजे खालून हवा खेळती राहील. भिंतीला चिकटवूनही ठेवू नये. छप्पर गळणाऱ्या वर्गात पुठ्ठ्याचा नाद सोडावा आणि मांजरपाटाचा किंवा जुन्या जाड कापडाचा खिशांचा पडदा शिवावा. तो खुंटीवर टांगता येतो, मळला तर धुता येतो. बांबूही उपयुक्त आहे. पेराच्या जरा खाली कापलेल्या कांडीला आयताच तळ मिळतो. फक्त बांबू चांगला वाळलेला हवा व कडा काचकागदाने घासून गुळगुळीत कराव्यात. पत्र्याचे डबे मात्र लहान मुलांच्या वर्गात आणू नयेत. कितीही ठोकली तरी त्यांची कड हात कापतेच.

बारा कप्प्यांत काय ठेवावे हे शिक्षिकेने ठरवावे, तरी काही सूचना कराव्याशा वाटतात. रंगखडू व खोडरबर खोल कप्प्यात दिसेनासे होतात. त्यांच्या कप्प्यात पुठ्ठ्याची घडी घालून ५ ते ६ सेंमी उंचीचा दुसरा तळ करावा. कात्री बोथट टोकाची असावी आणि टोक खाली करूनच ठेवावी. झिजलेल्या पेन्सिलींना स्वतंत्र कप्पा द्यावा, त्या फेकू नयेत. प्रत्येक कप्प्यावर वस्तूचे नाव मोठ्या अक्षरांत लिहावे आणि शेजारी तिचे चित्र काढावे. पहिलीतील मुलाला ‘टोकयंत्र’ हा शब्द वाचता येणार नाही. पण चित्र पाहून ते वस्तू जागेवर ठेवील आणि रोज पाहता पाहता शब्दही ओळखू लागेल. घरात वेगळी बोली बोलणाऱ्या मुलांना तर या चित्राचा मोठाच आधार होतो.

सर्वांत मोलाची बाब पेन्सिलींच्या मोजणीची. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर आठ-आठ मुलांचे पाच गट करावेत. प्रत्येक गटाला लाकडाचा एक जाड ठोकळा द्यावा. सुताराकडून त्यात ३ सेंमी खोल व ९ ते १० मिमी रुंदीची आठ भोके पाडून घ्यावीत. आठ भोके, आठ पेन्सिली. तास संपला की सर्व पेन्सिली ठोकळ्यात परत येतात. एक भोक रिकामे राहिले तर पेन्सिल हरवली आहे हे सर्वांना एकाच वेळी दिसते, आणि ती अजून बाकाखालीच असते. गट मिळून शोधतो, सापडते. ‘कोणी घेतली?’ या प्रश्नाऐवजी ‘कोठे पडली?’ असा प्रश्न विचारला जातो, आणि या दोन प्रश्नांत मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शिवाय पेन्सिल गटाची असल्यामुळे घरून कोणी आणली आणि कोणी नाही, याचा हिशेबच उरत नाही. सुखवस्तू पालकांपैकी काहींना हे रुचत नाही. आपल्या मुलाची आकर्षक कंपासपेटी वर्गात दिसावी असे त्यांना वाटते. ती घरी खुशाल वापरावी.

पेटी मुलांच्या छातीपेक्षा उंच जागी ठेवू नये. शिक्षिकेच्या टेबलावर ठेवली तर ती पुन्हा ‘बाईंची पेटी’ होते आणि प्रत्येक खोडरबरासाठी परवानगी मागणे सुरू होते. पहिले पंधरा दिवस गोंधळ होईल, तो होऊ द्यावा. रोज दोन मुलांकडे पेटीची जबाबदारी सोपवावी. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांनाच ती देऊ नये, हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांची पाळी यावी.

धर्मशिक्षणाच्या वर्गांना स्वतःची खोली क्वचितच असते. रविवारी जेथे वर्ग भरतो तेथे सोमवारी दुसरा कार्यक्रम असतो. अशा ठिकाणी वरील पेटी निम्म्या आकाराची, सहा कप्प्यांची करावी आणि दोन्ही बाजूंना जाड नाडा ओवून मुठी कराव्यात. पुठ्ठ्यात हात घालण्यापुरती भोके पाडली तर ती लवकर फाटतात. नाडा तळाखालून घेतला की भार तळावर येतो आणि भरलेली पेटी मोठी मुलेही सहज उचलून नेतात.

मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी पेटी रिकामी करून दिवसभर उन्हात ठेवावी. जाळीच्या पट्ट्या खाचांतून सोडविल्या की त्या सपाट होतात. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवल्यास जागा अडत नाही. जूनमध्ये एखादी पट्टी मऊ झालेली आढळली तर तेवढीच बदलावी. त्यासाठी जुनी पट्टी नव्या पुठ्ठ्यावर ठेवून कडेने रेघ मारली की पुरे.