पितो नळी आणि तिचा तापक

चंदीगडजवळच्या चंडीमंदिरापासून उत्तरेस पाहिले म्हणजे शिवालिकच्या टेकड्या दिसतात व त्यांच्या पलीकडे हिमालयाच्या रांगा चढत जातात. हिवाळ्यात येथे जमिनीवर १३ अंश सेल्सिअस तापमान असले, तर ते सुखदच वाटते. परंतु हवेत दर हजार मीटर चढल्यावर तापमान सरासरीने साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे जमिनीपासून अवघ्या दोन हजार मीटरांवर ते शून्यावर येते. त्याहून वर ढगात शिरलेल्या विमानावर बर्फ धरू लागतो आणि एक बोटाएवढी नळी प्रथम धोक्यात येते.

आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली सेन नदीचा वेग मोजण्यासाठी अशी नळी वापरली. विमानात तिचे तोंड समोरच्या वाऱ्याकडे असते. तेथे हवा अडून दाब वाढतो. हा दाब व सभोवारच्या हवेचा स्थिर दाब यांतील फरकावरून वेगदर्शकाचा काटा हलतो. ताशी १८० किलोमीटर वेगास, समुद्रसपाटीवर, हा फरक अवघ्या १६ सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो.

नळीचे तोंड गोठले व पाणी निचरण्याचे छिद्र उघडे राहिले, तर काटा शून्याकडे उतरतो. दोन्ही बुजली, तर प्रकार अधिक घातक होतो. आतील हवा कोंडून राहते, बाहेरचा स्थिर दाब मात्र उंचीबरोबर घटतो; त्यामुळे विमान चढत असता वेग वाढल्याचा भास होतो. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत एका बोइंग ७२७ विमानाचे असेच झाले. नळीचा तापक चालू केलेला नव्हता. वेग फार वाढला असे समजून वैमानिकांनी नाक वर उचलले. विमानाचा खरा वेग मात्र घटत गेला, पंखांची उचल नाहीशी झाली आणि विमानातील तिघेही प्राणास मुकले.

घरी विमान बांधणे ही आता केवळ परदेशची गोष्ट राहिलेली नाही. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची सरकारी नोंदणी २०१७ साली झाली. अशा विमानात तापकयुक्त नळी बसविणाऱ्याने प्रथम विजेचा हिशेब मांडावा. बारा व्होल्टांवर शंभर वॉटचा तापक आठ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. जनित्राने तो इतर उपकरणांसह पुरविला पाहिजे. तार पुरेशी जाड असावी. तिला स्वतंत्र फ्यूज असावा. नळी बहुधा पंखाखाली, पंख्याच्या झोताबाहेर बसवितात. नळीचे बूड तापत असल्याने तेथून पुढे काही अंतर धातूची नळी वापरून मगच प्लास्टिकची जोडावी. जमिनीवर चाचणी क्षणभरच घ्यावी. वाहत्या हवेवाचून तापक अतितप्त होतो. तापकात प्रवाह खरोखर वाहतो किंवा नाही, हे दाखविणारा दिवा वैमानिकासमोर असावा, कारण बटण दाबले एवढ्याने तापक चालू आहे असे ठरत नाही.

मात्र या उबेची मर्यादा विसरता कामा नये. तापक नळीवरचा बर्फ वितळवितो, पंखावरचा नव्हे. पंखावर बर्फ साचला की त्याचा आकार बिघडतो व उचल घटते. म्हणून ढगात शिरण्यापूर्वीच तापक चालू करावा आणि बर्फ धरू लागताच तेथून बाहेर पडावे. तापकामुळे काटा खरे सांगत राहतो. त्या खऱ्या वेगाच्या आधाराने सुखरूप परतणे वैमानिकाच्या हाती असते.