दुधाचा भाव का उतरतो?

सकाळी किटली घेऊन आपण डेअरीवर जातो. दूध मोजतात, फॅट लावतात, पावती देतात. एखाद्या दिवशी पावतीवर भाव दोन रुपयांनी कमी दिसतो. गाय तीच, चारा तोच, दुधात पाण्याचा थेंब नाही. मग भाव का उतरला? विचारले तर उत्तर मिळते, "वरूनच उतरला."

हे 'वर' म्हणजे कुठे? चला, आज त्याचा शोध घेऊ.

गाईच्या दुधाच्या १०० भागांत सुमारे ८७ भाग पाणी असते. दूध लवकर नासते, म्हणून ते फार लांब नेता येत नाही. पण त्यातले लोणी काढले आणि पाणी आटवले, की भुकटी उरते. १०० लिटर दुधाची साधारण साडेआठ-नऊ किलो भुकटी होते. ती महिनोन्‌महिने टिकते. पोत्यात भरली की जहाजातून परदेशी जाते.

अशी भुकटी आणि लोणी जगाला विकणारा एक लहानसा देश आहे. त्याचे नाव न्यूझीलंड. तेथे माणसे ५० लाखांच्या थोडी वर, आणि दुभत्या गाईही जवळजवळ तितक्याच! म्हणजे माणशी एक गाय. एवढे दूध पिणार कोण? म्हणून १०० लिटरमधले सुमारे ९५ लिटर दूध भुकटी, लोणी, चीज होऊन बाहेर जाते.

हे त्यांना कसे साधले? तिथे पाऊस चांगला, गवत भरपूर. गाई बाराही महिने रानात चरतात. म्हणून खर्च कमी येतो. शिवाय शेतकरी एक झाले. १८७१ साली काही शेतकऱ्यांनी मिळून चीजचा कारखाना काढला. तेव्हापासून सहकाराची रीत पडली. १८८२ साली बर्फासारखी थंडी ठेवणारे जहाज तिथून लंडनला गेले. त्यानंतर लोणी न वितळता, न नासता दूरदेशी जाऊ लागले. पुढे २००१ साली शेतकऱ्यांच्या मालकीची फॉन्टेरा ही मोठी सहकारी कंपनी उभी राहिली.

पण मंडळी, नाण्याला दुसरी बाजू असतेच. या देशाचे बहुतेक लोणी एकटे इंग्लंड घेत असे. १९७३ साली इंग्लंड युरोपातल्या देशांच्या बाजारसंघात सामील झाले. मोठे गिऱ्हाईक हातचे जाऊ लागले. त्यांना देशोदेशी नवी गिऱ्हाइके शोधावी लागली. पुढे चीन मोठे गिऱ्हाईक झाले. मग जगात दूध उदंड झाले, मागणी घटली. २०१३-१४ मध्ये तिथल्या शेतकऱ्याला दुधातल्या किलोभर लोणी-प्रथिनांमागे ८ डॉलर ४० सेंट मिळत होते. २०१५-१६ मध्ये मिळाले फक्त ३ डॉलर ९० सेंट. भाव निम्म्याच्याही खाली आला!

आता आपल्याकडे या. आपल्या देशातले बहुतेक दूध देशातच खपते. मग जगाच्या बाजाराशी आपला संबंध काय? संबंध आहे. आपल्याकडे दूध जास्त झाले की डेऱ्या त्याची भुकटी करतात. जगात भुकटी स्वस्त झाली की आपली भुकटी बाहेर जात नाही. गोदामात पोत्यांची थप्पी लागते. पैसा अडकतो. मग डेअरी दुधाचा भाव पाडते. २०१८ साली हेच झाले. महाराष्ट्रात गाईच्या दुधाला लिटरमागे १७-१८ रुपयेच मिळू लागले. जुलैत शेतकऱ्यांनी आंदोलन केले. तेव्हा सरकारने २५ रुपये भाव जाहीर केला.

तर 'वर' म्हणजे केवळ तालुक्याची डेअरी नव्हे. 'वर' म्हणजे समुद्रापलीकडचा बाजारसुद्धा.

तो बाजार आपल्या हाती नाही. पण काही गोष्टी हाती आहेत. आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा. न्यूझीलंडसारखे फुकटचे गवत आपल्याला नाही. कडबा आणि सरकी पेंड विकत घ्यावी लागते. म्हणून बांधावर, विहिरीच्या पाटाकडेला थोडा तरी हिरवा चारा लावावा. सगळा संसार एका दुधावर टांगू नये. गावाने एकजुटीने दूध घालावे, म्हणजे भावाची बोलणी करता येतात. पोरांच्या तोंडचे दूध काढून सगळेच्या सगळे डेअरीला घालू नये.

आणि शेवटची गोष्ट. आता आपल्याला वाचता येते. मग पावती खिशात कोंबून घरी येऊ नये. तिच्यावरचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर हे चार आकडे रोज वहीत उतरावेत. शेजारी पेंडीचा खर्च मांडावा. महिन्याच्या शेवटी बेरीज करावी. गाय आपल्याला पोसते की आपण गाईला, हे ती वहीच सांगेल.