हाड कुणाचं, हे आधी विचारा

आज एक साधा वाटणारा प्रश्न घेऊ. कॅनडाच्या आर्क्टिक किनाऱ्यावर इनुइट लोकांच्या पूर्वजांची गावं सापडतात. दगड आणि देवमाशाची हाडं रचून बांधलेली घरं. १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत थेर्केल माथियासेन यांनी नौजान हे असंच गाव खणलं, आणि या संस्कृतीला ‘थुले’ म्हणू लागले. आता, गाव कधीचं? उकिरड्यात हाडं भरपूर. एक उचला, कार्बन-१४ मोजा, झालं!

पण हाड कुणाचं?

कार्बन-१४ हवेच्या वरच्या थरात तयार होतो, गवतात जातो, गवतातून कॅरिबूत. कॅरिबू म्हणजे तिकडचं रेनडिअर. ते मेलं की नवा कार्बन येणं थांबतं, आणि आतला ५,७३० वर्षांत निम्मा होतो. इथवर ठीक. सील मात्र समुद्रातले मासे खातो. खोल पाण्यातला कार्बन शेकडो वर्षं हवेला भेटलेलाच नसतो, त्यातला कार्बन-१४ बराच घटलेला असतो. तेच पाणी वर येतं, शेवाळात, माशात, सीलमध्ये शिरतं. म्हणून सील मरतानाच सुमारे ४०० वर्षांचा ‘म्हातारा’ दिसतो; काही ठिकाणी त्याहून जास्त. हा फरक सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे सरसकट वजाबाकी करून भागत नाही.

लाकूड घ्यावं, तर तिथे झाडंच नाहीत. नद्यांतून वाहत आलेले ओंडके किनाऱ्यावर किती वर्षं पडून होते, कोण सांगणार?

एवढी चिकित्सा कशाला, असं वाटेल. पण अलास्कातून हे लोक पूर्वेकडे कधी आले, हे यावरच ठरतं. पूर्वी इ.स. १००० च्या आसपास धरत. मग कारण सांगायचे: हवा उबदार झाली, देवमाशांच्या मागे माणसं गेली. २००८ मध्ये फ्रीझन आणि अर्नॉल्ड यांनी पश्चिम कॅनडातल्या दोन सुरुवातीच्या गावांच्या नव्या तारखा मांडल्या, आणि हे स्थलांतर तेराव्या शतकात आलं. दोन शतकं सरकली की कारणही डळमळतं! रॉबर्ट मॅकगी तर म्हणतात, ओढ लोखंडाची असावी: ग्रीनलंडमधल्या उल्केचं आणि नॉर्स वसाहतींकडचं.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात गंमत वाटते. यंत्र खोटं बोलत नाही. ते कार्बनचं वय सांगतं, आपण ते गावाचं समजतो.

कुत्र्याचं हाड चालेल का? तिथेही जपून. ते कुत्रं सीलच्या मांसावरच पोसलेलं असायचं.