लहरींचे पाहुणे

एफ.एम. रेडिओचा आवाज स्वच्छ. पण त्याची धाव क्षितिजाच्या थोडी पलीकडे, की संपली. आम्हां छांदिष्टांचा सारा खेळ चालतो तो या नियमाच्या अपवादावर!

उत्तर गोलार्धात मुख्यतः मे ते ऑगस्टमध्ये, सुमारे 100 किलोमीटर उंचीवर विद्युत्भारित कणांचे दाट थर अवचित जमतात. एरवी अवकाशात निघून जाणाऱ्या लहरी तिथून माघारी वळतात आणि हजार-दोन हजार किलोमीटरांवर उतरतात. पाहुणा पाच मिनिटे थांबेल की दोन तास, नेम नाही. "इंटरनेटवर सगळे ऐकू येते, मग गच्चीवर ही एरियल कशाला फिरवता?" सौभाग्यवतींचा सवाल. अहो, तिथे बोलावून आणायचे; इथे तो आपण होऊन येतो!

मात्र डायलवर रिकामी जागा हवी. जवळचे केंद्र गर्जत असले की दूरचा आवाज बुडालाच. आमच्या शहरात अशा जागा मोजक्याच उरल्या आहेत. नॉर्वेने 2017 साली राष्ट्रीय केंद्रे एफ.एम.वरून डिजिटलवर नेली. तिथल्या छांदिष्टांचा डायल बराच मोकळा झाला. पण नॉर्वेचा तो आवाज ऐकायला टपलेले परदेशी छांदिष्ट मात्र त्याला कायमचे मुकले.