किल्ली न देतां चालणारें घड्याळ

घरांत मुंज, विवाह अथवा सहस्रचंद्रदर्शन निघालें कीं मनगटी घड्याळाचा विषय निघतोच. थोडक्या रुपयांत मिळणारें क्वार्ट्झ घड्याळ वेळ अधिक अचूक दाखवितें, हें खरें. तथापि बॅटरीवांचून, केवळ हाताच्या हालचालीनें चालणाऱ्या यंत्राचें कौतुक सुशिक्षित मनुष्यास वाटावें, हें स्वाभाविक आहे. या यंत्रांतील वजन मनगटाबरोबर फिरतें व स्प्रिंगला किल्ली देतें. मनगटी घड्याळांतील या योजनेचें स्विस पेटंट जॉन हार्वुड या इंग्रज कारागिरास १९२४ मध्यें मिळालें.

समारंभास शोभतील अशीं तीन घड्याळें आम्ही येथें तुलनेस घेतों. जपानी ओरिएंट बांबिनो सर्वांत स्वस्त. त्याहून महाग सीकोचें प्रेसाज कॉकटेल टाइम. व त्याहिवर स्विस टिसॉटचें ल लोक्ल पॉवरमॅटिक ८०. पूर्ण किल्ली बसल्यावर बांबिनो सुमारें ४० तास, सीको ४१ तास व टिसॉट ८० तास चालतें. म्हणजे शुक्रवारीं सायंकाळीं सात वाजतां कचेरींतून येऊन घड्याळ उतरून ठेवलें, तर पहिलीं दोन रविवारीं दुपारच्या सुमारास थांबतील. टिसॉट सोमवारीं सकाळीं चालूच सांपडेल. टिसॉटची कांच नीलमण्याची असल्यानें तिजवर सहसा ओरखडा उठत नाहीं. अचूकपणाची कारखान्यानें मानलेली मर्यादा मात्र स्वस्त बांबिनोचीच सीकोहून कडक आहे: दिवसास २५ सेकंद पुढें अथवा १५ सेकंद मागें. सीकोची मर्यादा ४५ व ३५ सेकंदांची आहे.

परंतु घड्याळ कोणाच्या मनगटावर बसावयाचें, हा प्रश्न आम्हांस याहून मोठा वाटतो. आरामखुर्चींत बसणाऱ्या आजोबांचा हात फारसा हलत नाहीं. मग वजन फिरत नाहीं, आणि नातवंडांनीं हौसेनें दिलेली भेट वरचेवर बंद पडते. अशांस हातानेंहि किल्ली देतां येईल असेंच घड्याळ द्यावें. बांबिनोच्या आरंभींच्या यंत्रांत ती सोय नव्हती. पुढील एफ ६७२४ या यंत्रांत ती आली. म्हणून जुना सांठा स्वस्त मिळाला तरी तें पाहूनच घ्यावा.

दर कांहीं वर्षांनीं यंत्र उघडून साफ करून तेल घालावें लागतें. तो खर्च किंमतींत आधींच धरावा. नोकरीस नुकत्याच लागलेल्या तरुणास बांबिनो पुरेसें आहे. सुटीच्या दिवशीं घड्याळ न वापरणाऱ्यानें, ऐपत असल्यास, टिसॉट घ्यावें. आजोबांसाठीं मात्र नवें बांबिनो आणावें, आणि रोज सकाळीं किल्ली देण्याचें काम एखाद्या नातवाकडे सोंपवावें.