शेजाऱ्यांनी घडवलेल्या भुजा

सप्तर्षीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत मनाने रेघ ओढा आणि ती तेवढीच पुढे वाढवा. एप्रिलच्या अंधाऱ्या रात्री, शहराच्या उजेडापासून दूर गेलात, तर त्या टोकापाशी लहान दुर्बिणीतूनही दोन धूसर ठिपके शेजारीशेजारी दिसतात. एक लंबगोल, दुसरा सडपातळ. योहान बोडे यांना ते बर्लिनहून १७७४ मध्ये सापडले. एम ८१ आणि एम ८२ या त्या दीर्घिका, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर.

मोठ्या दुर्बिणीच्या छायाचित्रात एम ८१च्या सर्पिल भुजा ठसठशीत दिसतात. पण त्या टिकतात कशा? दीर्घिकेच्या आतल्या भागाची फेरी बाहेरच्या भागाआधी पूर्ण होते. भुजेत कायम तेच तारे असते, तर काही फेऱ्यांतच ती गुंडाळली जाऊन सर्पिल पुसले गेले असते. सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी १९६४ मध्ये उत्तर मांडले : भुजा ही घनतेची लाट आहे. पालखी दिवे घाट चढताना वारकरी पुढे सरकत राहतात, दाटी मात्र घाटातच राहते. तसेच तारे आणि वायू भुजेत शिरतात, दाटतात आणि बाहेर पडतात. या दाटीत वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात. त्यांतले सर्वांत तेजस्वी निळे तारे अल्पायुषी असतात, भुजा ओलांडण्याआधीच संपतात. म्हणून भुजा उजळ दिसतात.

मग ही लाट उठवली कोणी? इथे बोट शेजाऱ्यांकडे जाते. दृश्य प्रकाशात एम ८१, एम ८२ आणि एनजीसी ३०७७ सुट्या दिसतात. पण हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए दुर्बिणीने त्या टिपून केलेला नकाशा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तिघींना जोडणारे वायूचे लांबलचक पूल समोर आले. कित्येक कोटी वर्षांपूर्वी त्या एकमेकींच्या जवळून गेल्या, तेव्हा गुरुत्वाने ओढलेला हा वायू. त्याच ओढाताणीने एम ८२मध्ये ताऱ्यांच्या जन्माचा भडका उडाला. तिच्या केंद्रातून वायू आजही चकतीच्या दोन्ही बाजूंना उसळतो आहे.

आपल्या आकाशगंगेभोवतीही मॅगेलन मेघांमागे हायड्रोजनचा असाच लांब पट्टा पसरला आहे. दीर्घिका सुटी पाहून तिचा आकार पुरता उलगडत नाही. तिच्यावर कोणाकोणाची ओढ आहे, हे कळले की भुजांचा इतिहास वाचता येतो.