बजेट वीस हजार, गाव जालना, हवाय सिंथ!

दुकानात ‘सिंथेसायझर’ मागितला की काय हातात येतं, खरा सिंथ कशाला म्हणायचं आणि घरातल्या जुन्या कॅसिओचं काय करायचं?

‘भाऊ, सिंथेसायझर दाखवा.’ जालन्यात म्हणा, संभाजीनगरात म्हणा, समोरच्या काउंटरवर येतो तो एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई, तिसरं दाबलं की ढोलकी-तबल्यासकट अख्खा ताल सुरू. ‘दादा, पाचशेच्या वर टोन आहेत यात,’ असं म्हणत दुकानदार डेमो साँग लावतो. तुम्ही खूश! घरी येऊन हेडफोनवर ऐकलेला तो वळवळणारा, गुरगुरणारा बेस काढायला बसता. आणि रात्री दीडच्या सुमाराला लक्षात येतं की पाचशे टोनमध्ये नेमका तोच नाही.

यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. आपल्याकडे शब्दच तसा रुळलाय. शाळेच्या गॅदरिंगपासून ऑर्केस्ट्रापर्यंत जे काही पट्ट्यांचं आणि विजेवर चालणारं असेल, ते ‘सिंथ’ नाहीतर थेट ‘कॅसिओ’. खरं तर या जातीला अरेंजर कीबोर्ड म्हणतात. त्याचं काम म्हणजे तयार आवाज वाजवून देणं आणि मागे साथीला ताल धरणं. ते काम तो झकास करतो. तुम्हाला लग्नसराईत बँजो पार्टीत किंवा ऑर्केस्ट्रात वाजवून चार पैसे कमवायचे असतील, तर हा लेख इथेच सोडा आणि बिनधास्त अरेंजर घ्या. यामाहाचे खास भारतासाठी काढलेले पीएसआर-आय मालिकेतले कीबोर्ड आहेत, कॅसिओच्या सीटी-एक्स मालिकेतही आपल्याकडचे टोन मिळतात. बजेट जरा ताणलं तर रोलँडचा एक्सपीएस-१० आहे. स्टेजवरची मंडळी त्यावर उगाच खूश नाहीत.

पण तुम्हाला इलेक्ट्रॉनिक म्युझिक करायचंय. एमआयडीसीतली शिफ्ट किंवा बँकेतला दिवस संपवून रात्री खोलीत बसून स्वतःचा ट्रॅक बनवायचाय. मग गोष्ट वेगळी. तिथे आवाज निवडायचा नसतो, घडवायचा असतो.

वरात जवळ येते तेव्हा...

आवाज घडवणं म्हणजे काय, हे कळायला जालन्याइतकं चांगलं गाव नाही! मे महिन्यात गल्लीच्या टोकाला वरातीचा डीजे उभा असतो तेव्हा घरात काय ऐकू येतं? नुसती धमधम. गाणं कुठलं तेही कळत नाही. वरात पुढे सरकते, तशी आधी ढोलकी उमगते, मग गायकाचा आवाज, आणि दारासमोर आली की झांजेची किणकिण कानात घुसते. म्हणजे लांबून वरचे, तीक्ष्ण सूर अडवले जात होते आणि जवळ येताना ते हळूहळू मोकळे होत गेले. सिंथवरचा फिल्टर अगदी हेच करतो. ‘कटऑफ’ नावाचा नॉब फिरवा, वरात लांब जाते, जवळ येते. शेजारचा ‘रेझोनन्स’ वाढवा, म्हणजे कटऑफ जिथे आहे तिथलाच सूर टोचायला लागतो. क्लबमधल्या ज्या आवाजावर लोक वेडे होतात, तो बऱ्याचदा एवढाच असतो. एका हाताने फिरवलेला फिल्टर!

फिल्टरच्या आधी असतो ऑसिलेटर. तो मूळचा कच्चा, कर्कश सूर देतो. आणि नंतर येतो एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा जन्म ते मृत्यू. ढोलकीची थाप क्षणात उठते नि क्षणात विरते. पेटीचा सूर भाता हलतोय तोवर टिकून राहतो. सिंथवर चार नॉब फिरवून एकाच सुराची थाप करता येते नाहीतर पेटी. हे तिन्ही भाग हातात देतो तो सिंथ. दुकानात एकच प्रश्न विचारा, ‘यात कटऑफचा नॉब कुठंय?’ दुकानदार मेनू उघडून तिसऱ्या पानावर बोट ठेवायला लागला, तर समजा की ते यंत्र मुख्यतः वाजवण्यासाठी आहे.

आधी फुकटात

माझं स्पष्ट मत: पहिला सिंथ विकत घेऊच नका. तुमच्याकडे ऑफिसचा नाहीतर घरचा बरा लॅपटॉप असेल, तर व्हायटल आणि सर्ज एक्सटी हे दोन सॉफ्टवेअर सिंथ उतरवून घ्या. व्हायटलची मूळ आवृत्ती फुकट आहे, सर्ज तर पूर्ण ओपन सोर्स. १९८३ साली आलेल्या यामाहा डीएक्स७ या गाजलेल्या सिंथसारखे काचेरी, घंटेसारखे आवाज हवे असतील तर डेक्स्ड आहे, तेही फुकट. हे सगळे आवाज रेकॉर्ड करून जुळवायला रीपर साठ दिवस वापरून बघा. महिनाभर रोज एक आवाज शून्यापासून बनवा. फॅक्टरीचे तयार प्रीसेट नकोत, ‘इनिट’ म्हणजे कोरी पाटी घ्या. महिन्याने कंटाळा आला, तर निदान पगार तरी वाचला!

एक अडचण मात्र येते. विंडोजच्या लॅपटॉपवर पट्टी दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो आणि चिडचिड होते. त्याला लेटन्सी म्हणतात. एएसआयओ४ऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाकून बघा, बऱ्याचदा काम भागतं. ब्लूटूथ हेडफोन असतील तर ते काढून वायरवाले लावा, कारण तिथला उशीर कुठल्याच ड्रायव्हरने जात नाही.

आता वाजवायला पट्ट्या हव्यात. इथे अनेक जण पैसे घालतात ते मिडी कंट्रोलरवर. एकाईचा एमपीके मिनी किंवा आर्टुरियाचा मिनीलॅब, पंचवीस छोट्या पट्ट्या, काही नॉब, यूएसबीवर चालणारा. पाच ते दहा हजारांच्या पट्ट्यात चांगला कंट्रोलर मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा, याला स्वतःचा आवाज नसतो. तो लॅपटॉपला फक्त सांगतो, ‘ही पट्टी दाबली, एवढ्या जोरात दाबली.’ हे माहीत नसेल तर खोका उघडून, यूएसबी मोबाइलच्या चार्जरमध्ये घालून ‘वाजतच नाही की’ म्हणायची पाळी येते.

पण थांबा. कपाटावर चादरीत गुंडाळलेला तो जुना कॅसिओ किंवा यामाहा आहे ना? खाली काढा. मागे ‘यूएसबी टू होस्ट’ असं लिहिलेलं चौकोनी पोर्ट आहे का? किंवा पाच टाचण्यांचं गोल ‘मिडी’? असेल तर तुमचा कंट्रोलर घरातच आहे. शंभर-दोनशे रुपयांची प्रिंटरची केबल लावली की तो लॅपटॉपमधले सिंथ वाजवू लागतो. गोल मिडी असेल तर एक छोटा कन्व्हर्टर लागेल. मिडी हा १९८३ पासूनचा करार आहे, वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलतात ती त्याच्यामुळे. म्हणून जुना कीबोर्ड दहा वर्षांचा आहे की वीस, याने फरक पडत नाही. अगदी छोट्या, खेळण्यातल्या मॉडेलना मात्र ही सोय नसते.

यातून वाचलेले पैसे हेडफोनवर घाला. मोबाइलच्या इअरफोनवर बेस कळत नाही, आणि एकत्र कुटुंबात रात्री अकरानंतर स्पीकर लावलात तर तुमची कारकीर्द आजोबा संपवतील.

हातात घ्यायचं यंत्र

एवढं करूनही बोटं शिवशिवत असतील, स्क्रीन नको, नॉबच हवा वाटत असेल, तर खुशाल घ्या. दिवसभर एक्सेल बघून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा स्क्रीन नको वाटते, हे मला पूर्ण मान्य आहे.

वीस हजारांच्या आतबाहेर माझी पहिली पसंती कॉर्गच्या व्होल्का मालिकेला. २०१३ साली आलेला व्होल्का कीज टिफिनच्या डब्याएवढा आहे. एका वेळी तीन सूर, फिल्टर, डिले, सोळा पायऱ्यांचा सिक्वेन्सर आणि पोटातच छोटा स्पीकर. एन्व्हलप, फिल्टर सगळे नॉब डोळ्यांसमोर. खोट काय? पट्ट्या म्हणजे नुसती स्पर्शाची पट्टी, त्यावर यमन वाजवायचं स्वप्न बघू नका. मिडी आत येतं, बाहेर जात नाही. अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो.

दुसरा आहे बेहरिंगरचा टीडी-३. हा २०१९ साली आला आणि तो रोलँड टीबी-३०३ ची सरळसरळ नक्कल आहे. या ३०३ ची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रोलँडने तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला, तो गिटार वाजवणाऱ्यांना घरी सरावाला बेसची साथ मिळावी म्हणून. बेस गिटारसारखा तो अजिबात वाजला नाही. वापरायला किचकट, खप नाही, १९८४ मध्ये उत्पादन बंद. माल जुन्या बाजारात कवडीमोलाने गेला. मग शिकागोतल्या खिसा रिकामा असलेल्या पोरांनी तो उचलला, कटऑफ नि रेझोनन्स हवे तसे पिळले, आणि १९८७ साली फ्यूचर या ग्रुपचा ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ बाहेर आला. अ‍ॅसिड हाउस नावाचा अख्खा प्रकार तिथून पसरला. मूळ ३०३ ला आज लाखांत किंमत लागते!

पण आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट त्याच्या पाच वर्षं आधीची आहे, आणि ती मुंबईतली आहे. हिंदी सिनेमांच्या रेकॉर्डिंगला वाजवणारे चरणजितसिंग यांनी ३०३, टीआर-८०८ हे रिदम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन भैरव, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. १९८२ साली रेकॉर्ड निघाली. फारशी कुणी ऐकली नाही. २०१० मध्ये एका डच लेबलने ती पुन्हा काढली, तेव्हा जगभरचे डीजे चक्रावून गेले की हे शिकागोच्या आधी झालं कसं? चरणजितसिंग २०१५ साली गेले, पण त्याआधी म्हातारपणी युरोपात जाऊन ते हे संगीत स्टेजवर वाजवून आले.

यात कानाने टिपण्यासारखी एक गोष्ट आहे. ३०३ मध्ये ‘स्लाइड’ नावाची सोय आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता तो घसरत जातो. आपल्या भाषेत ही मींडच की! पेटीला जे कधीच जमलं नाही, ते या बेसच्या डब्याला जमलं. म्हणून आपल्याकडच्या चाली डोक्यात असतील, तर सिंथ बघताना त्याला स्लाइड, ग्लाइड किंवा पोर्टामेंटो आहे का आणि पिच बेंड आहे का, हे जरूर विचारा. टीडी-३ मध्ये स्लाइड आहे, पण एका वेळी सूर एकच आणि सूर भरण्याची पद्धत मूळ यंत्राइतकीच डोकेखाऊ. लॅपटॉपवरून मिडीने वाजवा, सुटाल.

व्होल्का आणि टीडी-३ दोन्ही साधारण पंधरा ते वीस हजारांच्या घरात असतात, आयात माल असल्याने आकडा हलता असतो. आर्टुरियाचा मायक्रोफ्रीक फार गुणी, पण वीसमध्ये बसत नाही. त्यासाठी ईएमआय काढू नका, दिवाळीचा बोनस येऊ द्या. कॉर्गचा मायक्रोकॉर्ग २००२ साली आला आणि सेकंडहँड बाजारात अजून फिरतो. चांगल्या स्थितीतला मिळाला तर वोकोडरसकट चार सूर मिळतात.

लाइट गेली तर?

जालन्याच्या दृष्टीने हा प्रश्न पहिला हवा. व्होल्का आणि मायक्रोकॉर्ग दोघंही सहा साध्या पेन्सिल सेलवर चालतात. टीडी-३ ला अडॅप्टर लागतोच. अडॅप्टर बदलताना नुसतं ‘नऊ व्होल्ट’ बघून राउटरचा उचलून लावू नका. मधली टाचणी प्लस आहे की मायनस, ही खूण यंत्रावर आणि अडॅप्टरवर गोलांच्या छोट्या चित्राने छापलेली असते, दोन्ही चित्रं जुळली पाहिजेत. परदेशातून कुणी यंत्र आणून देत असेल तर ते ११० व्होल्टचं नाही ना, तेही आधी पाहा.

धुळीचंही तसंच. वाजवून झालं की वर कापड टाका. नॉब खरखरायला लागला तर घाबरू नका, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा कुठलाही कारागीर काँटॅक्ट क्लीनर मारून तो साफ करू शकतो. सर्किट गेलं तर मात्र कंपनीचं सर्व्हिस सेंटर, म्हणून घेण्याआधी ते कुठल्या शहरात आहे विचारून ठेवा. हे सिंथ गावातल्या दुकानात मांडलेले मिळतील अशी आशा कमी. एकदा हात लावूनच बघायचं असेल तर वंदे भारत पकडा आणि मुंबईत धोबी तलाव परिसर गाठा. फुर्टाडोजसारखी १८६५ पासूनची नावं तिथली. पण निघण्याआधी फोन करून ‘तेच मॉडेल डेमोला लावलेलं आहे का?’ असं विचारा. नुसतं ‘सिंथ आहे का?’ विचारलंत, तर उत्तर ‘हो, आहे’ असंच येईल.

सेकंडहँड घेताना लग्नसराई संपल्यावर घ्या, तेव्हा भाव उतरतात. स्वतःचे हेडफोन घेऊन जा. प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबा, प्रत्येक नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, हेडफोनची पिन खोबणीत हलवून आवाज तुटतोय का ऐका. मिडीची केबल लावून लॅपटॉप यंत्राला ओळखतो का बघा. आणि अर्धा तास चालू ठेवा. गरम झाल्यावर सूर सरकत असेल, तर पैसे खिशातच राहू द्या.